बेदाणा विकायला एमबीए कशाला?

तासगावची_सुमन

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज जरा वेगळं विचारायचंय.

आमचा बेदाण्याचा व्यवसाय. सात एकर बाग, स्वतःचं शेड, शिवाय आसपासच्या दहा-बारा बागायतदारांचा मालही आम्ही वाळवून देतो. लेक परभणीला फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला लगेच नोकरी नको, पुढे 'फूड बिझनेस मॅनेजमेंट आणि मार्केटिंग' शिकायचंय. दोन ठिकाणं डोक्यात आहेत. एक हरियाणातल्या कुंडली गावचं निफ्टेम (केंद्राची खाद्य तंत्रज्ञान आणि व्यवस्थापनाची संस्था), दोन वर्षांचं एमबीए. दुसरं इंग्लंडमधलं एक वर्षाचं एमएस्सी. ते राहणं-खाणं धरून तीस लाखांच्या पुढे जातंय.

घरात दोन तट पडलेत. ह्यांचं म्हणणं, वाळवायला शास्त्र लागतं, ते शिकली, उत्तम झालं. विकायला काय शिकायचंय? १५ किलोचे बॉक्स भरायचे, सौद्याला न्यायचे, अडत्या पट्टी देतो, विषय संपला. सासूबाई विचारतात, "दुकानदारी शिकायला विद्यापीठ?" मी पोरीच्या बाजूने आहे, पण भांडायला मुद्दाच नाही, कारण तिथे शिकवतात काय हे मलाच माहीत नाही. साबण विकणं आणि बेदाणा विकणं यात खरंच काही फरक असतो का? कुणी केलंय का असं शिक्षण? खरं काय ते सांगा, गोड बोलू नका.

टवाळ_तात्या

बेदाणा म्हणजे एमबीए झालेलं द्राक्षच की. वजन चौथाई, भाव चौपट, आणि अंगावर सुरकुत्या. (हलके घ्या.)

मीनल_ठाणे

वाचतेय. माझा भाचाही याच प्रश्नावर अडलाय.

शेल्फ_लाइफ

सुमनताई, मी कृषी पदवीनंतर हैदराबादच्या 'मॅनेज' या कृषी व्यवस्थापन संस्थेतून अ‍ॅग्रिबिझनेसचा पीजीडीएम (एमबीएसारखीच पदविका) केला. मग अकरा वर्षं खाद्यपदार्थांच्या कंपन्यांत काढली. जमेल तसं लिहितो.

आधी ठिकाणं. तिने कॅट दिली असेल तर अहमदाबाद आयआयएमचा फूड अँड अ‍ॅग्रिबिझनेसचा वेगळा अभ्यासक्रम आहे, लखनौ आयआयएमलाही आहे. पुण्यात विद्यापीठ रस्त्यावर वॅमनिकॉम ही सहकार व्यवस्थापनाची संस्था आहे. म्हणजे पर्याय दोनच नाहीत.

आता तुमचा साबणाचा प्रश्न. चांगला आहे, पहिल्याच आठवड्यात आम्हाला सरांनी हाच विचारला होता. साबणाचा कारखाना बाराही महिने सारखा चालतो. तुमचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतो आणि खपतो वर्षभर. तोवर तो कोल्ड स्टोरेजला ठेवायचा. मग भाडं, व्याज, पडणारा रंग आणि चढ-उतार होणारा भाव, यांची एकत्र गणितं मांडावी लागतात. साबणाचा कच्चा माल महाग झाला तर कंपनी आतला ऐवज बदलू शकते. बेदाण्यात बेदाणाच असतो. त्यात अन्नसुरक्षेचा कायदा, पाकिटावर काय छापायचं याचे नियम, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे माणसाची जीभ. हे सगळं एका ठिकाणी शिकवतात, म्हणून वेगळी पदवी.

पण वर्गात न शिकवलेलंही सांगतो. माझी पहिली नोकरी चॉकलेटची, भाग विदर्भ. मे महिन्यात चंद्रपूर. कंपनी दुकानदाराला काचेचा छोटा फ्रिज फुकट द्यायची, अट एकच, आत फक्त आमचं चॉकलेट. मी अचानक गेलो की आत काय? वरच्या कप्प्यात दह्याचं पातेलं, मधल्या कप्प्यात मालकाच्या सासऱ्यांचं इन्सुलिन, खाली पाण्याच्या बाटल्या आणि दारातल्या खाचेत कोंबलेली आमची चॉकलेटं. रात्री वीजबिल वाचवायला फ्रिज बंद. सकाळी चॉकलेट पुन्हा घट्ट, पण वर पांढरी साय आल्यासारखी. गिऱ्हाईक म्हणे बुरशी आली. ती कोकोची चरबी असते, खाल्ली तर काही होत नाही, पण हे गिऱ्हाइकाला कोण पटवणार? सगळा माल परत. त्या वर्षी माझ्या भागाचा रिटर्न बघून साहेबांनी मला नागपूरला बोलावून जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

टवाळ_तात्या

इन्सुलिन आणि चॉकलेट एकाच फ्रिजात! दुकानदाराची दूरदृष्टी म्हणायची.

खारी_बिस्कीट

माझं मत वेगळं. नाशिकला माझा भाजणीच्या चकलीचा व्यवसाय आहे, नऊ बायका कामाला. शिक्षण बी.ए. मराठी. ताईंनी स्पष्ट बोला म्हटलंय म्हणून हिशेबच मांडते.

पाकिटावर एमआरपी १००. दुकानदार २० ठेवतो. उरले ८०. डिस्ट्रिब्युटर त्यातले ६ घेतो. ७४. त्यात जीएसटी साडेतीन. (आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला, तेवढाच श्वास घेता आला.) राहिले साधारण ७०. डाळी, तांदूळ, तेल ३८. पाकीट आणि खोका ८. मजुरी, गॅस ९. गाडीभाडं ४. 'बारावर एक फ्री'सारख्या स्कीमचे ३. तुटकी चकली आणि एक्स्पायरीचा परत माल ४. बाकी हातात चार रुपये. तेही नव्वद दिवसांनी, दुकानदाराच्या मूडवर. तेलाचा डबा दोनशेने चढला की चाराचे दोन.

हे मला कुठल्या प्राध्यापकाने शिकवलं नाही. पहिल्या दिवाळीत दीड लाखाला बुडाले तेव्हा कळलं. मुलीला तीस लाख द्यायचेच असतील तर त्यातले पाच बुडवायला द्या, एका वर्षात सगळं शिकेल आणि पंचवीस शिल्लक राहतील.

शेल्फ_लाइफ

खारीताई, तुमचा प्रतिसाद तसाच्या तसा तिसऱ्या सत्राच्या पेपरात घालावा असा आहे. मार्जिनची ही उतरंड शिकवतात, फक्त आकडे एवढे रक्तबंबाळ नसतात. उधारी मात्र खरंच कुणी शिकवत नाही. पुस्तकात तिला 'क्रेडिट पीरियड' म्हणतात आणि तो तीस दिवसांत संपतो.

खारी_बिस्कीट

तीस दिवसांत तर आमच्याकडे "शेठ गावाला गेलेत" एवढंच उत्तर येतं.

पेठेतला_पुणेकर

मार्केटिंगचं शिक्षण न घेता दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून बाकरवडी विकता येते, हे पुण्याने जगाला दाखवून दिलेलं आहे. धागा इथेच बंद करावा.

गिरगावची_माहेरवाशीण

आणि लिज्जत? १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. एकीकडेही एमबीए नव्हतं.

शेल्फ_लाइफ

पुणेकर, ते एक-ते-चार आता इतिहासजमा झालंय. तुम्हाला सवयीने दुपारी घराबाहेर पडता येत नाही, हा वेगळा प्रश्न. :)

माहेरवाशीण, आठ कोटी बायकांनी पापड लाटले असतील, लिज्जत एकच झालं. गोळा घरी न्यायचा, पापड लाटून आणायचे, तपासून घ्यायचे, हातात मजुरी आणि वर मालकीत वाटा. ही व्यवस्थाच त्यांचं खरं भांडवल. डॉ. कुरियनांचंही तसंच. आणंदला त्यांनी दूध जमवलंच, पण १९७९ मध्ये 'इर्मा' ही ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था काढली, कारण सहकारी संघ चालवायला शिकलेली व्यवस्थापक माणसं लागतात हे त्यांना कळलं होतं. २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्याच इर्माचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ केलं. म्हणजे "शिक्षणाशिवाय झालं" म्हणायला अमूलचं उदाहरण कुणी देऊ नये.

पेठेतला_पुणेकर

मी दिलंच नव्हतं. मी बाकरवडीचं दिलं होतं.

थेम्सकाठची

उशीर झाला, पण इंग्लंडचं विचारलंय म्हणून लिहिते. मी इथे फूड मार्केटिंगमध्ये एमएस्सी केलं, आता एका सुपरमार्केट साखळीला माल पुरवणाऱ्या कंपनीत आहे.

आधी एक किस्सा. इथे पदवीच्या मधलं एक वर्ष कंपनीत काम करायची पद्धत आहे. हार्पर अ‍ॅडम्ससारख्या विद्यापीठात तर ते जवळजवळ सगळ्यांनाच करावं लागतं. अशा पदवीला 'सँडविच कोर्स' म्हणतात. माझ्या मावसबहिणीने तो घेतला तेव्हा आजी गावभर सांगत होती, "नात सँडविच शिकायला लंडनला गेली. मी म्हटलं, इथे दादरला शिकली असती की."

एमएस्सीला मात्र हे मधलं वर्ष नसतं. सप्टेंबरात उतरा, जानेवारीत परीक्षा, उन्हाळाभर प्रबंध, संपलं. शिकवतात छान. चवचाचणीचा तास मला अजून आठवतो. लाल दिव्याखाली तीन कप ठेवतात, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा कोणता ते ओळखायचं. लाल दिवा अशासाठी की रंगावरून फसू नये. सूपमधलं मीठ थोडं कमी केलेलं आमच्या वर्गात निम्म्यांना ओळखता आलं नाही. कंपन्या गुपचूप मीठ कसं कमी करतात ते त्या दिवशी कळलं.

पण सुमनताई, इथे जी बाजारपेठ शिकवतात ती तुमची नाही. इथे किराणावाला नाहीच जवळजवळ. चार-पाच साखळ्यांच्या हातात बहुतेक बाजार आहे. त्यांच्या फळीवरचा साधारण निम्मा माल दुकानाच्याच नावाचा असतो, बनवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. त्या साखळ्या पुरवठादाराला इतक्या पिळत होत्या की २०१३ मध्ये सरकारला त्यावर एक पंच नेमावा लागला. माल कुठे मांडायचा यालाही कायदा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमधल्या मोठ्या दुकानांत जास्त साखर-मीठ-चरबीच्या वस्तू दाराशी आणि बिलाच्या रांगेशी ठेवता येत नाहीत. आमच्या कंपनीत त्यावर वर्षभर बैठका चालल्या होत्या. हे सगळं शिकून मुलगी तासगावला परत येणार असेल तर त्यातलं किती वापरता येईल, हे तिने स्वतःला विचारावं. तिला इथेच नोकरी करायची असेल तर गोष्ट वेगळी, पण व्हिसाचे नियम दर दोन वर्षांनी बदलतात. कर्ज काढून त्यावर भिस्त ठेवू नका.

बाय द वे, इथल्या दुकानात केकसाठीचे 'सुल्ताना', म्हणजे बेदाणेच, मिळतात ते बहुतेक तुर्कस्तानचे. मी दर वेळी पाकीट उलटं करून बघते, भारताचं नाव सापडतं का.

घाटावरचा

मार्केटिंग म्हणजे जाहिरात असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून हे लिहितो. आम्ही द्राक्ष निर्यातीतले, दिंडोरी भाग. २०१० ला युरोपात आपल्या द्राक्षात सीसीसीचा, म्हणजे वाढरोधकाचा अंश जास्त सापडला. निर्यातीआधी जे अंश तपासायचे त्या यादीत ते नव्हतंच, तिकडे अचानक तपासायला लागले. आमचे दोन कंटेनर बंदरात अडकले. माल उत्तम, गोडी उत्तम, भाव ठरलेला, पण एका कागदावरच्या आकड्याने सगळं मातीमोल. वडील तीन रात्री झोपले नाहीत.

त्यानंतर जे शिकलो ते हेच, की गिऱ्हाईक द्राक्ष नंतर खातो, आधी रिपोर्ट वाचतो. बागेचा नोंदणी नंबर, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा दाखला, हे सगळं मालाइतकंच विकावं लागतं. हे जर त्या कोर्सात शिकवत असतील तर जरूर पाठवा.

तासगावची_सुमन

केवढे प्रतिसाद! काल ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. चकलीच्या हिशेबाशी थांबले, म्हणाले "परत वाच".

घाटावरचे दादा, अगदी खरं. आमच्याकडे पिवळ्या रंगासाठी गंधकाची धुरी देतात. बाहेरचे व्यापारी आता विचारतात, किती दिली, तपासणी आहे का. पूर्वी फक्त मूठभर उचलून रंग बघायचे.

आणि सौदा कसा चालतो ते कुणी पाहिलं नसेल म्हणून सांगते. व्यापाऱ्यांचा घोळका बॉक्सजवळ येतो, बॉक्स फोडतात, हात घालून तळापासून वर काढतात, बघतात, टाकतात. पायाखाली बेदाणा पसरतो. त्याला उधळण म्हणतात. ती उधळण शेतकऱ्याच्या खात्यातली. मी लग्न होऊन आले त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं आणि रडले होते. दोन आठवडे रॅकवर जपलेला माल चपलेखाली.

मीनल_ठाणे

हे वाचून कसंसंच झालं.

कुंडलीकरीण

निफ्टेमचं नाव बघून खास लॉगिन केलं. मी तिथलीच, एमबीएची. २०२१ च्या कायद्याने निफ्टेमला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. याच नावाची दुसरी संस्था तंजावरला आहे, अर्ज भरताना गल्लत करू नका, माझ्या मैत्रिणीने केली होती.

जमेची बाजू सांगते. फूड टेकची मुलं आणि आम्ही एकाच आवारात. यंत्रं, प्रयोगशाळा, सगळं शेजारी. गावं दत्तक घेण्याचा उपक्रम असतो, त्यात प्रत्यक्ष गावात जाऊन राहावं लागतं. उणी बाजू अशी की वर्गातली बरीच मुलं मोठ्या कंपनीत विक्री किंवा खरेदीच्या नोकरीवर डोळा ठेवून आलेली असतात, अभ्यासाचा कलही तिकडेच. स्वतःचा घरचा धंदा घेऊन आलेले आम्ही दोघंच होतो, एक मी आणि एक बिहारचा मखानावाला. पण प्रत्येक प्रकल्प आम्ही आमच्याच मालावर करून घेतला. सर ओरडायचे, "परत मखाना?"

टवाळ_तात्या

शुभकार्याआधी कुंडली बघावी म्हणतात, ती हीच का?

पेठेतला_पुणेकर

तात्या, हा विनोद धागा उघडल्यापासून खिशात ठेवला होतात ना?

टवाळ_तात्या

पहिल्या प्रतिसादापासून. शेल्फ लाइफ संपत आली होती.

विट्याचा_वकील

एक वेगळा मुद्दा. आम्ही २०२२ मध्ये मसाल्याच्या युनिटसाठी पीएमएफएमईमधून (छोट्या खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) कर्ज घेतलं, ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. प्रकल्प अहवालात 'विक्रीची योजना' नावाचं एक पान असतं. आम्ही तिथे लिहिलं, "स्थानिक बाजारपेठेत विक्री करण्यात येईल." मंजूर झालं. यंत्र आलं, उद्घाटन झालं. मग कळलं की स्थानिक बाजारपेठेत आधीच चौदा मसालेवाले आहेत, त्यांतले सहा याच योजनेतले. ते एक पान नीट लिहिता येणारं माणूस घरात असतं तर बरं झालं असतं. एवढंच.

खारी_बिस्कीट

वकीलसाहेब, या एका प्रतिसादाने माझं मत दहा टक्के बदललं. नव्वद अजून तिथेच.

तासगावची_सुमन

(लेक लिहितेय, आईच्या आयडीवरून.)

सगळ्यांना नमस्कार. आई रोज रात्री धागा वाचून दाखवते, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मला हे का शिकायचंय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आमचा जवळजवळ तीन टन माल काळपट पडला. वाळताना अवकाळी पाऊस झाला, शेडमध्ये दमटपणा राहिला. चवीला गोड होता, ओलावा बरोबर होता, मी स्वतः तपासला. सौद्यात कुणी हात लावेना. शेवटी एकाने निम्म्याहून कमी भावाने उचलला. पप्पा म्हणाले, गेला बाजार.

मग इंटर्नशिपला मी एका बेकरीत होते. तिथे पोत्यातून बेदाणा आला, तसाच काळपट. मी विचारलं, हा का घेता? ते म्हणाले, केकमध्ये रंग कोण बघतो, भाजल्यावर सगळाच काळा. त्यांनी दिलेला भाव ऐकला आणि बिलावर व्यापाऱ्याचं गाव बघितलं. आमच्यापासून वीस किलोमीटर. माल आमचाच होता असं मी म्हणत नाही, पण तसलाच होता.

म्हणजे माल खराब नव्हता. आम्हाला एकच गिऱ्हाईक माहीत होतं आणि त्याला पिवळा रंग हवा होता. परभणीत मला बेदाणा काळा का पडतो हे शिकवलं, त्याची रासायनिक क्रिया पाठ आहे. काळा पडलेला कुणाला विकायचा हे कुणी शिकवलं नाही.

खारीकाकू, पाच लाख बुडवायची तुमची कल्पना वाईट नाही, पण त्या तीन टनांत आम्ही थोडे आधीच बुडवलेत.

खारी_बिस्कीट

बाळा, उरलेले नव्वद टक्के मागे घेतले. कुठेही जा, पण सुट्टीत नाशिकला ये. डिस्ट्रिब्युटरकडून वसुली कशी करायची ते मी शिकवते, फी नाही.

थेम्सकाठची

हे वाचून माझं उत्तर अजून पक्कं झालं. इंग्लंड नको. तुझ्या काळ्या बेदाण्याचं गिऱ्हाईक पुणे, हैदराबाद, इंदूरच्या बेकऱ्यांत आहे. इथे पाठवायचा झाला तर मी आहेच, पाकिटं उलटी करायला.

शेल्फ_लाइफ

बेकरी, आइस्क्रीम, मुसळीवाले, मिठाईवाले, प्रत्येकाला वेगळा बेदाणा लागतो. कुणाला बारीक, कुणाला काडी नसलेला, कुणाला गंधक नसलेला. ही यादी तू करायला लागलीस की अर्धा अभ्यासक्रम झालाच. उरलेल्या अर्ध्यासाठी कुंडली ठीक. पण कॅटचा निकाल चांगला आला तर अहमदाबादचा अर्ज सोडू नकोस.

तासगावची_सुमन

आता मी, सुमन. तिने ते लिहिलं तेव्हा हे मागे उभे होते. त्या बेकरीची गोष्ट तिने घरात कधी सांगितलीच नव्हती. काही बोलले नाहीत, शेडकडे गेले. रात्री जेवताना विचारलं, "त्या बेकरीवाल्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

कुंडलीचा अर्ज भरतोय, तंजावर नाही, नीट बघून. अहमदाबादचाही भरणार. सासूबाईंचा एकच प्रश्न राहिलाय, तिकडे थंडी किती असते? गोधडी पाठवावी का?

कुंडलीकरीण

जानेवारीत धुकं असं की होस्टेलवरून मेस दिसत नाही. रजई तिथे मिळते, गोधडी घरचीच द्या. आणि सोबत पाच किलो बेदाणा. पहिल्याच आठवड्यात होस्टेलवर खपेल.

टवाळ_तात्या

उधारीवर देऊ नकोस म्हणावं.